दरवर्षी उपटूनही परत येणारं निळ्या फुलाचं तण

इंदूरला मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत आमच्या गुलाबांच्या वाफ्यात एक रोप डोकं वर काढायचं. लुसलुशीत लंबगोल पानं, दाबलं तर पाणी सुटेल असं रसाळ खोड, आणि उभं न वाढता जमिनीवर सरपटत जाण्याची सवय. 2021, 2022, 2023 असे तीन पावसाळे मी ते उपटलं. आषाढात साफ केलेला वाफा श्रावणात पुन्हा हिरवागार व्हायचा, श्रावणात साफ केला की गौरी-गणपतीपर्यंत परत तसाच. तिसऱ्या वर्षी शेवंतीची लावलेली रोपं त्याच्याखाली दबून पिवळी पडली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

तुमच्याही बागेत असंच काही होत असेल, तर आधी हे तपासा: तुम्ही जे उपटताय त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. आणि नाव कळल्यावर लक्षात आलं की तीन वर्षं मी केलेल्या प्रत्येक उपायाने ते तण वाढतच गेलं होतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, बांबूच्या जातीतलं काहीतरी असेल, खोडाला पेरं आहेत ना. पेरं होतीच, त्यामुळे मलाही पटलं. महिन्यातून दोनदा येणारे माळीदादा म्हणाले, "घास है दीदी, मशीन मार देते हैं." त्यांनी मशीन मारलं आणि तीन आठवड्यांत वाफ्याच्या बाहेर, फरशीच्या सांध्यांतही तेच रोप दिसायला लागलं. फोनमधल्या ओळख पटवणाऱ्या अ‍ॅपला पानाचा फोटो दाखवला तर एकदा गवत, एकदा शोभेची वेल, एकदा भलतंच काहीतरी. त्या अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. नुसत्या पानावरून माणसालाही सांगता येत नाही, कारण लंबगोल आणि समांतर शिरांची पानं असलेल्या वनस्पती ढिगाने आहेत. ओळख पटवायला फूल लागतं, आणि फूल मी कधी पाहिलंच नव्हतं.

ते का पाहिलं नव्हतं, यातच अर्धं उत्तर आहे. मी सकाळी सातला शाळेत शिकवायला निघते, घरी येते दुपारी. बागकाम संध्याकाळी. हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या सुमारास मिटून, विरघळल्यासारखं होऊन जातं. संध्याकाळी पानाच्या घडीत एक ओलसर गोळा तेवढा उरतो. म्हणजे तीन वर्षं रोज फुलत असलेलं झाड माझ्या दृष्टीने बिनफुलाचं होतं.

2023च्या गौरींना सासूबाई अकोल्याहून आल्या. सकाळी नऊच्या आसपास दूर्वा आणि आघाडा बघायला बागेत गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "अगं, एवढा केना कशाला वाढू दिलास?" मी धावत गेले. वाफाभर इवलीशी निळी फुलं होती. त्यांच्या माहेरी श्रावणात केना-कुरडूच्या भाजीचं नाव निघायचंच, कोवळे शेंडे खुडून आणायचे. "पण आई, इतके दिवस तुम्ही पाहत होता, तेव्हा का नाही ओळखलात?" असं विचारलं तर म्हणाल्या, "आम्ही खुडायचो ते कोवळं, बोटभर. असा पसरलेला मी कधी पाहिला नाही. फुलावरून ओळखला."

फूल पाहिल्यावरही नाव पक्कं करायला मला दोन सकाळी लागल्या, कारण केन्याला भावंडं आहेत आणि त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत.

फुलात काय पाहायचं

एक फूल घडीसकट खुडा आणि सावलीत पांढऱ्या कागदावर ठेवा. कडक उन्हात फोनच्या फोटोत निळा रंग फिका पडतो. केन्याच्या फुलाला तीन पाकळ्या असतात, पण पहिल्या नजरेला दोनच दिसतात. वरच्या दोन मोठ्या, निळ्या, मुळाशी देठासारख्या बारीक झालेल्या. तिसरी खाली, लहान आणि फिकी, शोधावी लागते. मधे पिवळे ठिपके दिसतात, ते पुंकेसर. त्यातले सगळे पराग देणारे नसतात, काही नुसतेच पिवळेधमक, किड्यांना बोलावण्यापुरते. या फुलात मध नसतो, तेव्हा येणारा किडा परागासाठीच येतो.

तीन पाकळ्यांमधल्या या भेदावरूनच त्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द आला. केन्याचं शास्त्रीय नाव कॉमेलिना बेंगालेन्सिस. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कॉमेलिन घराण्यात तीन वनस्पतीतज्ज्ञ होऊन गेले. त्यातले दोघे नामांकित झाले, तिसरा काही काम उभं राहण्याआधीच गेला. स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनीअसने 1737 साली लिहून ठेवलं की दोन ठसठशीत पाकळ्या त्या दोघांच्या आणि तिसरी दबलेली पाकळी त्या तिसऱ्याची. माझ्या सातवीच्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हापासून शाळेच्या मैदानाच्या कडेला केना दिसला की ती मुलं वाकून तिसरी पाकळी शोधतात.

फुलाइतकीच महत्त्वाची आहे फुलाखालची घडी. ते एक दुमडलेलं पान असतं आणि फुलं त्यातून एकेक करून बाहेर डोकावतात. इथे बारकाईने पाहा. केन्यात ही घडी खालच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे पळसाच्या पानाचा द्रोण केल्यासारखी. चिमटीत दाबली तर आतून बुळबुळीत पाणी येतं. केन्याचा जवळचा भाऊ, ज्याचं शास्त्रीय नाव कॉमेलिना डिफ्यूजा, त्याचं फूलही तसंच निळं, पण घडी कडेने पूर्ण मोकळी असते. ती उघडली की नुसतं मधोमध दुमडलेलं पान हातात येतं. त्याची पानंही अरुंद आणि टोकदार. केन्याचं पान रुंद, आणि ते खोडाला जिथे लपेटतं तिथल्या म्यानाच्या तोंडावर लालसर-तपकिरी ताठ केस असतात. हे केस मी भिंगातून पाहिले, पण उजेडात नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

तिन्ही पाकळ्या सारख्या, फिकट जांभळ्या, आणि खाली द्रोण नाहीच, असं दिसलं तर तो केना नव्हे, मर्डानिया नावाचं त्याच कुळातलं दुसरं तण असतं. कुंड्यांमध्ये लोंबणाऱ्या जांभळ्या पट्ट्यांच्या शोभेच्या वेलीलाही तीन सारख्या पाकळ्या असतात.

इतकं बारीक का पाहायचं? कारण द्रोण की उघडी घडी, यावर उपाय बदलतो. द्रोणवाल्या केन्याला जमिनीखालीही फुलं येतात. उघड्या घडीच्या भावाला ती येत नाहीत.

जमिनीखालची फुलं

हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही, म्हणून खुरपं घेऊन वाफ्याच्या कडेला बसले. पाऊस होऊन तीन दिवस झाले होते, माती ना चिकट ना कोरडी, म्हणजे वापसा आला होता. एक जुना गड्डा चार बोटं खोलवरून मातीसकट उचलला आणि बादलीतल्या पाण्यात हलवून माती धुतली. मुळांमध्ये मुळांसारखेच दिसणारे पांढरे दोरे होते, पण मुळांपेक्षा जाड, आणि टोकाला मिटलेल्या कळीसारखं फिकं काहीतरी. एक टाचणीने उघडलं. आत बिया तयार होत होत्या.

ही फुलं कधी उमलतच नाहीत. त्यांना ना किडा लागतो ना उजेड. मिटल्या मिटल्याच स्वतःचे पराग स्वतःला मिळून आत बी धरतं. वरच्या निळ्या फुलाच्या बोंडात साधारणपणे एक मोठं आणि चार लहान बी असतात, जमिनीखालच्या बोंडात एक मोठं आणि दोन लहान. मोठं बी लवकर रुजतं. लहान बिया थांबून राहतात, माती हलली, वर आली की मग उगवतात. म्हणजे एकाच झाडाने टाकलेलं बी एकाच वर्षी संपत नाही. आषाढ, श्रावण, भाद्रपद अशा लाटा का येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा का येतात, ते इथे उलगडलं.

आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट ही की जमिनीखालची फुलं निळ्या फुलांच्या आधी तयार व्हायला लागतात. मी 2023 सालच्या पावसाळ्यात एक काळ रोज संध्याकाळी द्रोण खुडत होते, बी धरू नये म्हणून. खाली बी केव्हाच धरलेलं होतं.

मग अडचण अशी की ओळख फुलावरून पटते, पण फूल दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. माझ्या मते अनोळखी तणाशी झगडणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. काही जण फुलाआधीच सगळं उपटतात आणि कधीच ओळखत नाहीत, काही जण फुलाची वाट पाहतात आणि वाफा हातचा जातो.

यावर मी काढलेला मार्ग अगदी साधा आहे, आणि तो केन्यापुरता नाही. वाफ्यात उगवलेलं अनोळखी रोप दोन पानांचं असताना त्याची एक-दोन रोपं मातीसकट उचलून वेगळ्या कुंडीत लावायची आणि बाकीची लगेच काढून टाकायची. कुंडी गच्चीवर, खाली थाळी, बागेपासून दूर. तिथे त्याला फुलू द्यायचं. दर चार दिवसांनी एक फोटो काढायचा: दोन पानांचं, चार पानांचं, फांद्या फुटल्यावर, कळी, फूल. फूल आलं की ओळख पटते, आणि मग फोटो मागे मागे पाहत गेलं की त्याचं बालपण कसं दिसतं ते कळतं. पुढच्या पावसाळ्यात फुलाची गरज राहत नाही. फूल दिसल्यावर कुंडीतली माती मात्र बागेत टाकायची नाही.

केन्याचं बालपण सांगते. पहिलं पानच लंबगोल, शिरा समांतर, कड किंचित लाटांसारखी. गवताचं पहिलं पान रेघेसारखं बारीक असतं, केन्याचं रुंद. उपटून पाहिलं तर पानाचा तळ खोडाला म्यानासारखा लपेटलेला. तीन-चार पानं झाली की म्यानाच्या तोंडावर ते लालसर केस. एवढी खूण पुरते.

हे तण आलं कुठून

2020 साली वाफे केले तेव्हा शहराबाहेरच्या एका शेतातली एक ट्रॉली काळी माती आणि त्याच्याबरोबर शेणखत आणवलं होतं. माळव्यात खरिपात सोयाबीन, आणि सोयाबीनच्या शेतातल्या नेहमीच्या तणांत केना असतोच. इथले शेतकरी त्याला बोकना म्हणतात, हिंदीत कनकौआही म्हणतात. खंडवा रोडवर 1987 पासून सोयाबीन संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, त्या भागात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेनेही ही निळी फुलं सकाळी दिसतात. माझ्या वाफ्यात बी मातीतूनच आलं, याची मला आता खात्री आहे, कारण पुढच्या अंगणात जिथे ती ट्रॉलीची माती टाकली नव्हती तिथे केना पहिली दोन वर्षं नव्हता.

तेव्हा बाहेरची माती किंवा शेणखत आणलं तर थेट वाफ्यात घालू नका. कोपऱ्यात पसरून, पाणी मारून, दोन-तीन आठवडे उगवेल ते उगवू द्या आणि कोवळं असतानाच खरवडून काढा. असं दोनदा करा. आमची घाई नडली.

मी काय बंद केलं

गवत कापायचं मशीन सगळ्यात आधी बंद केलं. केन्याच्या खोडाचं प्रत्येक पेर ओल्या मातीला टेकलं की मूळ धरतं. मशीनने एका झाडाचे वीस तुकडे झाले आणि वीस ठिकाणी पडले. माळीदादांना मी एक तुकडा ओल्या फडक्यात ठेवून चार दिवसांनी दाखवला, पेरातून मुळं आलेली. त्यानंतर त्यांनी स्वतःहून इतर घरांतही सांगायला सुरुवात केली.

उपटलेलं तण वाफ्यातच आच्छादन म्हणून पसरणंही बंद केलं. इतर कितीतरी तणांच्या बाबतीत ही चांगली सवय आहे, पण केना रसाळ, पावसाळी हवेत कित्येक दिवस जगतो आणि पडल्या जागी मूळ धरतो.

दर दिवाळीनंतर वाफा फावड्याने खोल पालटत होते, तेही थांबवलं. त्याने खाली गाडलेलं बी वर येत होतं. केन्याचं बी मुख्यतः वरच्या दोनेक इंचांतून उगवतं, म्हणजे खालचं खाली राहिलेलंच बरं. आता खत वरून घालते आणि फक्त वरचा थर हलवते.

तणनाशकाबद्दल बरेच जण विचारतात. घरच्या बागेत, गुलाबांच्या आणि मुलांच्या मधे, मी ते वापरणार नाही. शिवाय सर्रास सुचवलं जाणारं ग्लायफोसेट केन्यावर अपुरं पडतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कापसाच्या शेतांत हेच तण डोईजड झालं ते या कारणानेच. फवारणीने बाकीची तणं मेली आणि केन्याला मोकळं रान मिळालं. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, तेव्हा दुकानातून आणून स्वतः फवारण्याचा प्रश्नच येत नाही.

मी काय करते

मृगापासून पितृपक्षापर्यंत दर रविवारी सकाळी वीस मिनिटं. एवढंच, पण चुकवायचं नाही. पाऊस होऊन माती वापशावर आली की निघायचं. आपली काळी माती चिकट असताना ओढलं तर खोड तुटून मूळ आत राहतं, आणि सुकून भेगाळली असेल तर खुरपं चालत नाही. वापशावर रोप सुईसारखं सुटून येतं. दोन ते चार पानांचं असतानाच काढायचं, त्या वयात खाली पांढरे दोरे सुटलेले नसतात. नजरेतून सुटून मोठं झालेलं रोप मात्र ओढायचं नाही. खुरपं बाजूने चार बोटं खोल घालून गड्डाच उचलायचा, पांढरे दोरे पाहायचे, मातीसकट बादलीत टाकायचा.

काढलेलं कुठे टाकायचं हा मोठाच प्रश्न होता. घरच्या खताच्या ड्रमात मी टाकत होते आणि तेच खत गुलाबांना घालत होते, म्हणजे बीही मीच पेरत होते. इंदूरच्या माणसाला हे जास्त लागतं, कारण खत करण्याची इंदूर पद्धत जगभर ओळखली जाते. 1924 ते 1931 या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांनी इथल्या शेती-संशोधन संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत, ती बसवली. काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर, आणि ठरावीक दिवसांनी ढीग पालटणं. तो ढीग मोठा असतो, आतून चांगलाच तापतो, आणि पालटल्यामुळे बाहेरचा कचराही आत जाऊन तापतो. तणाचं बी मरतं ते त्या उष्णतेने. घरच्या ड्रमात तेवढा ढीगच नसतो, पावसाळ्यात तर तो कोमटही होत नाही. म्हणून आता कोवळी, बिनफुलाची रोपं मी बादलीत पाण्याखाली तीन आठवडे कुजवते, वर वीट ठेवून. वास येतो, झाकण लागतं. ते काळं पाणी पातळ करून झाडांना घालते आणि चोथा ड्रमात. फुलावर आलेली, दोरे सुटलेली झाडं मात्र घरी ठेवतच नाही, ओल्या कचऱ्यात गाडीला देते.

गुलाबांच्या बुंध्याभोवती खपटाचे, म्हणजे पुठ्ठ्याचे, तुकडे ओले करून अंथरले आणि वर चार इंच सुका पालापाचोळा. केना खपटाच्या सांध्यांतून येतो, पण मोजका येतो आणि दिसतो. पुठ्ठ्याला चिकटपट्टी असेल तर आधी काढून टाका.

कडेचा रिकामा पट्टा गेल्या मेमध्ये प्लॅस्टिकखाली तापवून पाहिला. माती आधी भिजवली, सपाट केली, पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चारी कडा मातीत पुरल्या, पाच आठवडे ठेवलं. पारदर्शकच हवं, काळ्या प्लॅस्टिकखाली माती तेवढी तापत नाही. त्या पट्ट्यात केना पूर्ण गेला नाही, पण शेजारच्या पट्ट्याच्या मानाने अगदी कमी उगवला. लव्हाळ्यावर याचा फारसा परिणाम दिसला नाही.

तुमचं फूल निळं नसेल तर

नुसत्या रंगावर जाऊ नका. बागेत पांढऱ्या इवल्या फुलांची तीन तणं शेजारी शेजारी असतात आणि लोक तिघांनाही गाजर गवत म्हणतात. गाजर गवताचं फूल म्हणजे तांदळाच्या कण्यांचा गुच्छ, प्रत्येक कणी नीट पाहिली तर कडेला पाच बारीक टोकं. पान गाजराच्या पाल्यासारखं कातरलेलं. हे 1955 साली पुण्यात प्रथम लक्षात आलं आणि देशभर पसरलं. त्याने अंगाला खाज, पुरळ येतं, तेव्हा हातमोजे घालून आणि फुलायच्या आधी उपटायचं. त्याची पानं कुरतडणारा, पाठीवर गडद रेघा असलेला छोटा भुंगेरा दिसला तर त्याला मारू नका. 1984मध्ये तो खास याच कामासाठी आपल्याकडे सोडला गेला.

एकदांडीचं फूलही पांढरं, पण मधे पिवळं, कडेच्या पाकळ्यांची टोकं तीन दातांची, आणि लांब उघड्या दांड्यावर एकच फूल. त्याचं म्हातारीसारखं उडणारं बी सुटायच्या आत दांडे खुडले तरी पुष्कळ काम होतं. तिसरा माका. पान चुरगाळलं की थोड्या वेळात काळं पडतं. माका उगवला की तिथे पाणी साचतंय असं समजायचं. तण काढण्याआधी निचरा बघा.

चार पिवळ्या पाकळ्या, सगळं अंग चिकट, आणि शेंगा वर उभ्या, तर पिवळी तिळवण. पाच पिवळ्या पाकळ्यांत दोघांची गल्लत होते: बदामाच्या आकाराची तीन-तीन पानं आणि चावल्यावर आंबट ती आंबुटी, जाड तकतकीत पानं आणि लाल खोड तो घोळ. घोळ उपटून ऊन दाखवलं तरी पडल्या पडल्या बी पिकवतो, त्याला वाफ्यात ठेवू नका. आंबुटीचं फूल गुलाबी असेल तर प्रकरण वेगळं. तिच्या मुळाशी बारीक कांद्या असतात आणि ओढलं की त्या मातीत विखुरतात, म्हणून तिलाही केन्यासारखं मातीसकट उचलायचं. आणि फुलात पाकळ्याच दिसत नसतील तर खोड दोन बोटांत फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा, आणि मग खालच्या गाठींपर्यंत खणल्याशिवाय उपाय नाही.

खाण्याबद्दल एक सूचना. केन्याची भाजी करतात, आमच्याकडेही सासूबाईंनी केली, कांदा-मिरची आणि भिजवलेली मूगडाळ घालून, चांगली लागली. पण ती त्यांनी स्वतः खुडली, बालपणापासून ओळखीच्या हातांनी. एका फुलाच्या फोटोवरून ओळख पटली म्हणून कोणतंही तण शिजवू नका, आणि रस्त्याकडेचं किंवा फवारलेल्या शेतातलं तर मुळीच नाही.

2024च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा मोजायला सुरुवात केली. जूनच्या शेवटच्या रविवारी त्या एका वाफ्यातून 214 रोपं निघाली, बहुतेक दोन पानांची. ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी 31. 2025च्या जूनमध्ये तोच आकडा 90च्या आत होता. लहान बिया मातीत अजून आहेत आणि त्या वर्षानुवर्षं येत राहतील हे धरूनच चालले आहे. शेवंती मात्र गेल्या दिवाळीला भरभरून फुलली. सासूबाईंनी गौरींना येताना अकोल्याहून कुरडूचं बी आणलंय, ते मी वाफ्यात न पेरता गच्चीवरच्या कुंडीत पेरलं आहे.